मेकअपचा पहिला कोट

कॉलेजात ट्रॅडिशनल डेचं पोस्टर लागलंय. नऊवारी आईची, नथ मावशीची, मोजडी मैत्रिणीची, एवढं ठरलंय. मेकअपचं काय? मोबाइलवर तीन रील्स बघून झाल्या. पहिलीत बावीस प्रॉडक्ट्स, दुसरीत नुसती भराभर नावं आणि तिसरीत एका रात्रीत ‘ग्लास स्किन’. हातात आहे पॉकेटमनी, नाहीतर अप्रेंटिसशिपचा स्टायपेंड. मग पिंपरी कॅम्पात शगुन चौकापाशी जायचं, समोर येईल ते घ्यायचं आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ते पहिल्यांदा तोंडाला फासायचं. दुपारपर्यंत चेहरा राखाडी पडतो, कपाळावर पुरळ येतं आणि फोटोत मान एका रंगाची, चेहरा दुसऱ्याच रंगाचा दिसतो!

हे सगळं टाळता येतं. त्यासाठी महागडं किट लागत नाही. आपली त्वचा कशी आहे हे माहीत हवं आणि डबीवरचं लेबल वाचायची सवय हवी. आज या दोनच गोष्टी शिकूया.

गाडीला रंग देतात तसं

निगडी, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरात कुणी ना कुणी गाड्यांच्या कारखान्याशी जोडलेलं असतं. बाबा, काका, शेजारचा दादा, कुणालाही विचारा, नव्या गाडीला रंग कसा देतात? ते सांगतील, की आधी बॉडी धुऊन तिच्यावरचं तेल-ग्रीस काढतात. मग गंज धरू नये म्हणून एक थर, त्यावर प्राइमर, मग आपल्याला दिसतो तो रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर चकाकणारा क्लिअर कोट. पत्रा नीट धुतला नसेल तर वरचा रंग कितीही भारी असू दे, तो टिकत नाही.

चेहऱ्याचंही तसंच आहे. धुणं हे पहिलं काम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन हा संरक्षणाचा थर, त्यानंतर हवा असेल तर प्राइमर, मग फाउंडेशन किंवा कन्सीलर आणि शेवटी पावडर. आपण नवशिके काय करतो? सरळ बेस कोटपासून सुरुवात! म्हणून फाउंडेशन नाकाच्या कडेला फुटतं आणि गालावर पापुद्रे दिसतात. दोष बाटलीचा नसतो, खालचा थर राहून गेलेला असतो.

तुमची त्वचा कुठली?

त्वचेचा प्रकार कळायला पार्लरमध्ये जायची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी साध्या फेसवॉशने चेहरा धुवा, अलगद टिपा आणि तासभर काहीच लावू नका. मग आरशात बघा आणि पातळ टिश्यू कपाळ, नाक, गाल, हनुवटीवर दाबून बघा.

सगळीकडे तेल उमटलं तर त्वचा तेलकट. कपाळ, नाक, हनुवटी तेलकट आणि गाल मात्र ठीकठाक किंवा कोरडे, तर ती मिश्र, म्हणजे ‘कॉम्बिनेशन’. चेहरा ताणल्यासारखा वाटतोय, पांढुरके पापुद्रे आहेत, तर कोरडी. यातलं काहीच नसेल तर नॉर्मल. आणि नवीन काही लावलं की लगेच आग, खाज, लाली येत असेल तर त्वचा संवेदनशील समजा. ती तेलकट असून संवेदनशील असू शकते किंवा कोरडी असूनही.

ही परीक्षा वर्षातून एकदा देऊन भागत नाही. मे महिन्यात तेलकट असलेला चेहरा डिसेंबरच्या थंडीत गालांवर कोरडा पडतो. पाण्याचाही परिणाम होतो. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतंय, त्यामुळे अनेक सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं जातं. पाणी जड असेल तर साबणाला फेस कमी येतो, त्याचा अंश त्वचेवर राहतो आणि ती ओढल्यासारखी वाटते. अशा वेळी त्वचा कोरडी ठरवण्याआधी साबण बदलून सौम्य फेसवॉश वापरून बघा.

प्रकार कळला, आता काय घ्यायचं?

*तेलकट त्वचा:* मॉइश्चरायझर जेल किंवा पातळ लोशनच्या रूपात घ्या. ‘तेलकट आहे, मग मॉइश्चरायझर कशाला?’ हा गैरसमज सोडा. लेबलवर ‘नॉन-कोमेडोजेनिक’ हा शब्द शोधा. म्हणजे रंध्रं बुजू नयेत अशा बेताने बनवलेलं. फाउंडेशन मॅट घ्या, पण थर पातळ ठेवा. चेहरा चमकला की आधी टिश्यूने टिपा, मग पावडर. तेलावर पावडर चोपडत गेलात तर संध्याकाळपर्यंत त्याचा लगदा होतो.

*कोरडी त्वचा:* क्रीमच्या रूपातलं मॉइश्चरायझर घ्या आणि चेहरा किंचित ओलसर असतानाच लावा. ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड, सेरामाइड ही नावं दिसली तर चांगलं. फाउंडेशन मॅट नको, पावडर फक्त नाकाच्या आसपास. ब्लशही क्रीमचा घ्या.

*कॉम्बिनेशन:* दोन डब्या घ्यायची गरज नाही. एकच हलकं मॉइश्चरायझर गालांवर जरा जास्त, कपाळावर कमी. पावडर मात्र फक्त मधल्या भागात.

*संवेदनशील:* ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेलं बघा, घटकांची यादी जितकी छोटी तितकी बरी. आणि पॅच टेस्ट चुकवू नका. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबा. ॲलर्जी नेहमी लगेच दिसत नाही, कधी कधी दुसऱ्या दिवशी उठते. खरं तर ही टेस्ट सगळ्यांनीच करावी. म्हणूनच कार्यक्रमाच्या सकाळी नवीन डबी उघडायची नसते.

सनस्क्रीन हा मेकअपच आहे

पहिल्या स्टायपेंडमधून एकच वस्तू घ्यायची असेल तर सनस्क्रीन घ्या. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त आणि पीए पुढे किमान तीन अधिक चिन्हं. एसपीएफ हे आकडे मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांबद्दल सांगतात, तर पीए हे काळपटपणा आणणाऱ्या किरणांबद्दल. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा भरतील इतकं, चेहरा आणि मान मिळून. दिवसभर उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

काही सनस्क्रीनने सावळ्या चेहऱ्यावर पांढरट थर दिसतो. मग टिंटेड सनस्क्रीन बघा. त्यात रंगासाठी घातलेली आयर्न ऑक्साइड्स दिसणाऱ्या प्रकाशालाही काही प्रमाणात अडवतात आणि वांगाचे डाग असलेल्यांना त्याचा उपयोग होतो. शिवाय रोजच्या कॉलेजसाठी तेच फाउंडेशनचं काम करतं. एक खर्च वाचला!

आता आपल्याकडचा खास प्रश्न, स्कार्फ आणि हेल्मेट. नाशिक फाट्यापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर हेल्मेटच्या आत जो घाम येतो, त्यात धूळ आणि फाउंडेशन मिसळलं की कपाळावर, जबड्याच्या कडेला पुरळ येतं. घासलं जाऊन, घाम साचूनही मुरुम येतात. उपाय सोपा आहे. गाडीवरून जायचं असेल तर घरून फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावून निघा, बाकीचं कॉलेजला पोहोचून पाच मिनिटांत करा. सुती स्कार्फ वापरा आणि तो रोज धुवा. काल गालाला लागलेलं फाउंडेशन आज पुन्हा गालाला घासायचं नाही. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर तेही अधूनमधून धुवा.

शेड: एक घर उजळ नको

मेकअपमध्ये सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चुकीच्या शेडवर. दुकानात हाताच्या पंजावर लावून बघतो, ट्यूबलाइटखाली बरी दिसते, घरी आल्यावर चेहरा पिठासारखा. पंजाचा रंग आणि चेहऱ्याचा रंग वेगळा असतो. शेड जबड्याच्या कडेला, मान आणि गाल जिथे मिळतात तिथे लावा. दुकानाच्या बाहेर या, उजेडात बघा. पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण काही फाउंडेशन हवा आणि त्वचेचं तेल लागून थोडी गडद होतात. जी शेड लावल्याचं कळतच नाही, ती तुमची.

‘एक घर उजळ घ्या, छान दिसेल’ असं काउंटरवरून सांगितलं जातं. ऐकू नका. उजळ शेडने रंग उजळत नाही, राखाडी दिसतो. मनगटावरच्या शिरा हिरवट दिसल्या तर सहसा पिवळसर छटा जुळते, निळसर-जांभळ्या दिसल्या तर गुलाबी छटा, दोन्ही दिसल्या तर न्यूट्रल. हा ढोबळ अंदाज आहे, शेवटचा निर्णय उजेडातला.

गोरेपणाची डबी उघडण्याआधी

आता जरा गंभीर. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातली एक बातमी आली होती. एका घरातल्या तिघी, कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, ओळखीच्या ब्युटिशियनकडून आणलेलं उजळपणाचं क्रीम वापरत होत्या. रंग उजळला, लोक कौतुक करू लागले. काही महिन्यांनी तिघींच्याही किडन्यांना त्रास सुरू झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कारण निघालं त्या क्रीममधला पारा.

पारा त्वचेतला मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, तयार होऊ देत नाही, म्हणून रंग लवकर उतरतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीवर बसतो. पाय किंवा चेहरा सुजणं, लघवीला फेस येणं ही लक्षणं. भारतात क्रीममध्ये पारा घालायला परवानगीच नाही. नकळत आलेला अंशही दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. तरीही लेबल नसलेल्या, परदेशातून ‘कुणीतरी आणलेल्या’ डब्यांत तो सापडतो. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड दिसलं, ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना दिसली, तर ती डबी ठेवून द्या.

दुसरा धोका मेडिकलमधून येतो. ‘अमक्याने लावलं, आठ दिवसांत चेहरा साफ’ म्हणून एखादी ट्यूब हातोहात फिरते. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. ही स्टेरॉइड्स आहेत. योग्य आजारावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती उपयोगी औषधं आहेत. फेअरनेस क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम आणि नको तिथे केस येतात. बंद केलं की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’ यादीत आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तुम्ही अशी ट्यूब वापरत असाल तर घाबरू नका, मनाने एकदम बंदही करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा. संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे.

आणि ज्या गोरेपणासाठी हा सगळा आटापिटा, त्याचं काय? १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये स्वतःच्या नावातून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. कंपनीला नाव बदलावंसं वाटलं, आता लग्नाच्या बायोडेटातला ‘गोरी’ हा रकाना काढायची वेळ आपली आहे.

लेबल कसं वाचायचं?

भारतात बनलेल्या वस्तूवर कंपनीचं नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा नंबर, बॅच नंबर, उत्पादनाची आणि वापराची शेवटची तारीख, घटकांची यादी हवी. बाहेरून आलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा नंबर हवा. ‘फर्स्ट कॉपी’ आयशॅडो पॅलेटवर यातलं काहीच नसतं, म्हणून ते स्वस्त असतं. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्रही शोधा. त्यात १२ आणि एम लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. मस्कारा मात्र तीन-चार महिन्यांत टाकून द्या. आणि काजळ, मस्कारा, लिपस्टिक कुणाशीही शेअर करू नका, अगदी जिवलग मैत्रिणीशीसुद्धा. २०२३ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या आळंदीत डोळ्यांची साथ कशी पसरली होती, आठवतंय ना? घरच्या सुरम्याबद्दलही सावध राहा, पारंपरिक सुरम्यात शिसं असू शकतं.

शॉप फ्लोअरवर जाणाऱ्यांसाठी

इंटर्नशिप किंवा अप्रेंटिसशिप पेंट शॉपमध्ये असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे सिलिकॉनला मज्जाव असतो. प्राइमर, अनेक फाउंडेशन, हेअर सीरम यांत डायमेथिकोन नावाचं सिलिकॉन असतं. त्याचा अंश बॉडीवर पडला तर रंग तिथे बसत नाही, खड्डा पडतो. त्याला क्रेटर किंवा फिश आय म्हणतात. तेव्हा सुपरवायझर मेकअप पुसायला सांगत असतील तर ते तुमच्यावर राग काढत नाहीयेत. कुठली क्रीम चालते ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. औषधं आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांतही आत मेकअप चालत नाही. तो सुटल्यावर लावा.

मुलांनो, हा लेख तुमच्यासाठीही आहे बरं का. तासाभराची टिश्यू टेस्ट, सनस्क्रीन, धुतलेलं हेल्मेट याला मुलगा-मुलगी नसतं. स्टेरॉइडच्या ट्यूबा मुलांच्या हॉस्टेलवरही फिरतात.

घरी कुणी ‘हे कसलं खूळ?’ म्हणालं तर एक गंमत सांगा. ज्या टाटांच्या कारखान्याने पिंपरीला ओळख दिली, त्याच टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केलं. नाव एका फ्रेंच ऑपेराचं आहे, पण मूळ शब्द आपलाच, लक्ष्मी.

पहिलं किट

*पहिला महिना:* सौम्य फेसवॉश, तुमच्या प्रकाराचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन.

*दुसरा महिना:* काजळ, एक लिपस्टिक. तीच बोटाने गालावर थोडी टिपली की ब्लश.

*तिसरा महिना:* जुळणारं कन्सीलर, फक्त डाग आणि डोळ्यांखाली. छोटं कॉम्पॅक्ट.

*वेळ येईल तेव्हा:* फाउंडेशन, मस्कारा.

*कधीच नाही:* मुरुमावर टूथपेस्ट, लिंबू लावून उन्हात जाणं, मेकअप न काढता झोपणं. नळाला पाणी नसलं तरी कापसावर मायसेलर वॉटर घेऊन पुसा, मग तांब्याभर पाण्यात चेहरा धुवा. मुरुम येत असतील तर मेकअप काढायला खोबरेल तेल नको.

ट्रॅडिशनल डेला अजून आठ दिवस असतील तर आजच पॅच टेस्ट करा. दोन दिवसांनी काहीच झालं नाही, तर रविवारी नऊवारी नेसून एकदा रंगीत तालीम करा, खिडकीपाशी उभं राहून फोटो काढा. चेहरा आणि मान एकाच रंगाची दिसली? झालं तर मग, तयारी पूर्ण. नथ तेवढी मावशीकडून वेळेत आणा.